विंचवाचं बिऱ्हाड चाललं व्हिएतनामला

अहो, ऐकलंत का? आणखी एक घर बुडालं!

कालपरवापर्यंत किती शहाणीसुरती माणसं होती हो ती. दर मे महिन्यात टूरवाल्याच्या बसमध्ये खिडकीची जागा धरायची, सकाळी सातला पोहे, रात्री आठला वरणभात, आणि गाईड 'चला, फोटोला वीस मिनिटं' म्हणाला की विसाव्या मिनिटाला मुकाट्याने बसमध्ये. आणि आज? आज तीच माणसं चाळीस लिटरची सॅक, आठ खाटांची डॉर्म आणि रात्रभराची स्लीपर बस असली भाषा बोलताहेत! कुठे जायला म्हणून काय विचारता? व्हिएतनामला! हल्ली माणूस दुसरीकडे कुठे जातो का? ज्याच्या तोंडी व्हिएतनाम नाही, तो एकतर जाऊन आलेला असतो किंवा त्याची रजा नामंजूर झालेली असते.

आणि जाऊन आलेले तरी कितीसे? बाकीचे सगळे 'प्लॅनिंग' करताहेत. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तो आपण आजवर फक्त म्हणीत पाहिला होता. आता तो गच्चीवर भेटतो, ऑफिसच्या कँटीनमध्ये भेटतो, बारशाला भेटतो, इतकंच काय, दहाव्याला घाटावरसुद्धा भेटतो. चेष्टा नाही करत. पिंड ठेवलाय, कावळा येत नाहीये, सगळे माना वर करून बसलेत, आणि मागे दोघं हळूच कुजबुजताहेत, 'सापा गावाला दोन रात्री पुरतील का रे?' कावळ्याने तरी का शिवावं?

मुळात बॅकपॅकिंग म्हणजे काय असं आपल्याला सांगितलं होतं? पिशवी खांद्याला लावायची, पाय नेतील तिकडे जायचं, आवडलं तर राहायचं, नाही आवडलं तर पुढची गाडी धरायची. काही ठरवायचं नाही, एवढंच ठरवायचं! मग ही एक्सेलची शीट कसली? निसर्गाला हिरवा रंग, खाण्याला पिवळा, देवळांना भगवा आणि 'वेळ उरल्यास'ला राखाडी. आणि त्यात एक रकाना चक्क असा की, सव्वातीन ते पावणेचार, होई आनच्या गल्ल्यांत उगाच भटकणे. उगाच भटकण्याला अर्धा तास, आणि चार वाजता परत शिस्तीत! घरच्या लग्नाच्या याद्या इतक्या बारकाईने केल्या असत्या, तर निम्मे व्याही आज एकमेकांशी बोलत असते.

पण माणसांना तरी का बोल लावा? दोष त्या देशाचाच आहे. एखाद्या देशाने स्वतःजवळ किती म्हणून बाळगावं, याला काही मर्यादा? नकाशात बघावं तर अंगाने किडकिडीत. उत्तर-दक्षिण लांबी साडेसोळाशे किलोमीटरच्या घरात आणि कंबर सगळ्यात बारीक तिथे जेमतेम पन्नास. आणि एवढ्या अंगकाठीत काय काय कोंबलंय! वर चीनच्या सीमेला टेकून डोंग वानचं चुनखडीचं पठार, ज्याला युनेस्कोने २०१० साली जिओपार्कचा मान दिला. पश्चिमेला सापाची भातखाचरं, पायरीपायरीने डोंगर चढत गेलेली, आणि त्यांच्या डोक्यावर ३,१४७ मीटरचं फान्सिपान. आपलं कळसूबाई १,६४६! म्हणजे जवळजवळ दोन कळसूबाया एकीवर एक, आणि वर न्यायला २०१६पासून केबल कार. लोखंडी शिड्या चढताना जीव मुठीत धरणाऱ्या आपल्या ट्रेकर मंडळींचा हा अपमान नाही तर काय? समुद्रावर जावं तर हा लाँगच्या उपसागरात सोळाशेच्या आसपास बेटं आणि सुळके. निन्ह बिन्हला जावं तर तेच सुळके भातशेतांत उभे, आणि त्यांच्यामधून नाव वल्हवणारी बाई चक्क पायांनी वल्ही मारतेय. मध्यावर फाँग न्याला जमिनीच्या पोटात गुहाच गुहा. खाली दा लातला पाइनची झाडं, धुकं आणि स्ट्रॉबेरी (महाबळेश्वरने आता तोंड कुठे लपवावं?). तिथून गाडीने चारेक तास उतरलं की मुई नेला लाल-पांढऱ्या वाळूच्या टेकड्या. आणि अगदी तळाला मेकाँगचा त्रिभुज प्रदेश, जिथे कान थोजवळ पहाटेचा बाजार होड्यांतूनच भरतो.

डोंगर दिलेत ना? मग वाळू कशाला? वाळू दिली तर गुहा कशाला? साध्या, नोकरदार, प्रापंचिक माणसाने अकरा दिवसांच्या रजेत, त्यातले दोन रविवार आणि एक सणाची सुट्टी, हे सगळं बसवायचं तरी कसं? रात्र थोडी आणि सोंगं फार.

तर मग भांडणं नकोत का व्हायला? बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी, हा खेळ आता घरोघर चालू आहे. तिकीट नाही, व्हिसा नाही, रजेचा अर्जही नाही. पण वरून खाली यायचं की खालून वर जायचं यावरून सख्खे भाऊ बोलेनासे झालेत. हनोईपंथी म्हणतात, पायांत जोर आहे तोवर डोंगर उरकून घ्या, मग समुद्रावर लोळा. सायगॉनपंथी म्हणतात, छे, आधी गरम, मग थंड, शेवट डोंगरात गोड. एकमेकांच्या पंथाबद्दल ते ज्या सुरात बोलतात, त्या सुरात एके काळी पंचांगावरून वाद होत. आणि या दोघांच्याही वर एक तिसरा पंथ आहे, 'फक्त उत्तर'वाला. हे लोक फार सोवळे. सगळा देश एका फेरीत करणारे त्यांच्या लेखी गावंढळ. 'आम्ही ना, फक्त उत्तर करतोय, पण नीट करतोय,' असं ते डोळे अर्धे मिटून सांगतात. सायगॉनचं नाव काढलं तर हात धुवायला उठतील अशी भीती वाटते.

बरं, मधलं अंतर कापायचं कशाने? विमानाने तासा-दोन तासांत होतं. पण विमान म्हणजे पाप! विमानाने गेलात तर तुम्ही बॅकपॅकर कसले, नुसते प्रवासी. आगगाडीने जायचं. हनोई ते सायगॉन १,७२६ किलोमीटर, तीस-पस्तीस तास. हा लोहमार्ग १९३६ला पुरा झाला, देशाची फाळणी आणि लढाया यांत तुटला, १९७६ला पुन्हा जोडला गेला आणि हुए-दा नांगच्या मधे तो डोंगराच्या कडेने समुद्राला अगदी खेटून जातो, हे सगळं ते सांगतील. कोण? दादरहून ठाण्याला जायचं तर 'फार लांब पडतं हो' म्हणून साखरपुडा चुकवणारे! आणि स्लीपर बस? पुणे-नागपूर स्लीपरच्या नावाने वर्षानुवर्षं बोटं मोडणारी मंडळी हनोई-फाँग न्या बसबद्दल बोलताना हळवी होतात. चढताना बूट काढून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालतात म्हणे. बघा, किती संस्कृती! आपल्याकडे बूट काढायला सांगितले असते तर डेपो मॅनेजरपर्यंत तक्रार गेली असती.

हवामानाचा तर वेगळाच तमाशा. आपल्या माणसाला सुट्टी कधी? दिवाळीला. आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात मध्य व्हिएतनामात काय असतं? धो धो पाऊस. होई आनच्या कंदिलांच्या गल्ल्यांतून तेव्हा होड्या चालतात. बरोबर त्याच दिवसांत उत्तरेत हवा झकास, हा जांगकडे गुलाबी कुट्टूच्या फुलांचे उतार. म्हणजे एकाच देशात, एकाच आठवड्यात, वर फुलं आणि मधे पूर. आता करा प्लॅन! सापाकडची सोनेरी भातखाचरं हवीत तर सप्टेंबर, तेव्हा गणपती. थंडीत जावं तर त्यांचा नववर्षाचा सण 'तेत' आडवा येतो, पौष किंवा माघ अमावास्येच्या सुमाराला, आणि तेव्हा अर्धा देश दुकानं बंद करून गावी जातो. यावर आपल्या एका काकूंनी जो तोडगा काढला तो ऐकून आपण सगळेच गार पडलो. त्यांनी भिंतीवरचं कालनिर्णय काढलं आणि मांडीवर घेतलं! होई आनचा कंदीलउत्सव तिथल्या चांद्रमासाच्या चौदाव्या रात्री असतो. म्हणजे आपली शुद्ध चतुर्दशीच की. शिवाय तिथले बुद्धभक्त प्रतिपदेला आणि पौर्णिमेला शाकाहार पाळतात, त्यामुळे त्या दिवशी सात्त्विक जेवण हमखास. आता काकूंकडे बिल्डिंगमधली पोरं मुहूर्त विचारायला येतात. गुरुजींचा धंदा बसायची वेळ आली.

इतकं सगळं रंगवून झालं, आणि १ जुलै २०२५ला त्या सरकारने काय करावं? ६३ प्रांतांचे ३४ करून टाकले! ज्यांनी शीटमध्ये प्रांतवार टॅब केले होते त्यांच्या दुःखाची कल्पना करा. हा जांग प्रांत गेला तुएन क्वांगमध्ये, होई आन गेलं दा नांगच्या पदरात, आणि थंड हवेचं दा लात आणि वाळूचं मुई ने दोन्ही आता एकाच लाम डोंग प्रांतात. आपल्या एका परिचितांनी या कारणासाठी ऑफिसला आजारपणाची रजा टाकली. कारण विचारलं तर म्हणाले, प्रशासकीय.

पण खरा कहर ऐकायचाय ना? मग हा जांगच्या लूपकडे या. हा सगळ्या वेडाचा गाभारा. साडेतीनशे किलोमीटरच्या आसपासचा डोंगरी फेरा, दुचाकीवरून, तीन-चार दिवस. त्यात मा पी लेंगची खिंड, आणि खाली खोल दरीत हिरवट न्यो क्वे नदी. तिथला रस्ता १९५९ ते १९६५ या काळात डोंगरी जमातींच्या तरुण पोरापोरींनी हातांनी खोदला, कड्यावर दोरांना लोंबकळून. त्याचं नाव ठेवलंय आनंदमार्ग. आणि आपले वीर? ते म्हणतात, 'हॅ, ताम्हिणी मारलाय आपण पावसाळ्यात.' कशेडी मारलाय, वरंधा मारलाय, आंबेनळी तर डोळे मिटून. छात्या पुढे काढून मंडळी आरटीओत गेली, आंतरराष्ट्रीय परवाना काढला, त्याचा फोटो स्टेटसला लावला. तीनशे लाइक आले. आणि मग कुणीतरी खडा टाकला. भारतात मिळतो तो परवाना १९४९च्या करारातला. व्हिएतनाम मानतं १९६८च्या करारातला. म्हणजे तो कागद तिथे शोभेचा! पोलिसांनी अडवलं तर दंड, आणि आपटलात तर विमावालाही कानावर हात ठेवणार. ताम्हिणीच्या वाघांचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं हो.

मग तोडगा काय? 'ईझी रायडर'. म्हणजे गाडी तिथला स्थानिक माणूस चालवणार आणि आपला वाघ मागे बसणार, दोन्ही हातांनी कडी धरून. हे मात्र स्टेटसला लावत नाहीत, तुम्हीच बघा. फोटो फक्त गाडी थांबल्यावरचे, तेही आपला वाघ पुढच्या सीटवर बसलेला असताना.

आणि पोरींनी हा बेत सांगितला तेव्हा घराघरांत काय रामायण झालं! 'त्या परक्या माणसाच्या मागे बसून घाटात? कोण तो? कुठला? घरी कोण कोण असतं?' माऊलींनी स्थळाची चौकशी करावी तशी रायडरची चौकशी केली. पोरीने व्हिडिओ दाखवला. तो पंचविशीचा मुलगा, हसरा, हेल्मेट घातलेला, जपून वळण घेणारा. माऊली बघत राहिल्या. दुसऱ्यांदा बघितला. आणि तिसऱ्या दिवशी चहाच्या वेळी अगदी सहज आवाजात, 'साडी नेसून बसता येतं का गं त्या गाडीवर?' गेलं! तेही घर गेलं.

आता सॅककडे वळू. वळायलाच हवं, कारण सगळ्या संसाराचा पैसा तिथेच मुरतोय. स्वस्तात हिंडायचं म्हणून बॅकपॅकिंग, बरोबर? मग ती सॅक केवढ्याची? आतला पावसाळी पोंचो, मेरिनोचे मोजे, तासाभरात वाळणारा पंचा (आपला साधा पंचा तासाभरात वाळत नव्हता का कधी?), घडीची बाटली, घडीची बादली, घडीची सॅक ठेवायला आणखी एक घडीची सॅक. नाकापेक्षा मोती जड म्हणतात तो हाच मोती. आणि हे सगळं मिळून वजन किती असायला हवं? सात किलो! त्या स्वस्तातल्या विमानात केबिनमध्ये तेवढंच नेऊ देतात. मग काय, टूथब्रशचे दांडे अर्धे कापले जाताहेत. पुस्तकाची वाचून झालेली पानं फाडून ठेवली जाताहेत. एका गृहस्थांनी सॅक घेऊन कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याचा काटा गाठला, आणि सात किलो दोनशे भरली तेव्हा त्यांनी भर रस्त्यात कपड्यांचा एक जोड बाहेर काढला. भाजीवाला म्हणाला, 'साहेब, दोनशे ग्रॅम सोडून देतो.'

पण त्या सात किलोत मेतकूट आहे हं! ठेच्याची बाटली आहे, तिळाची चटणी आहे, दशम्या आहेत, बेसनाचे लाडू आहेत. जॅकेट राहिलं तरी चालेल, सापात कुडकुडू, पण लाडू कमी होणार नाहीत. आपल्या माणसाचा कणा ताठ आहे तो इथे.

सराव चाललाय तो निराळाच. पहाटे पर्वतीच्या पायऱ्यांवर जाऊन बघा. पाठीला भरलेली सॅक, तोंडावर गंभीर भाव, आणि सॅकमध्ये काय? पाच किलो कोलम आणि दोन किलो साखर. वर पोचल्यावर देवाला हात जोडायचे, खाली आल्यावर त्याच तांदळाचा कुकर लावायचा. कुणी विचारलं तर 'कंडिशनिंग' चालू आहे.

डॉर्मच्या गोष्टी ऐकाल तर कानांवर विश्वास बसणार नाही. आपल्या ओळखीच्या एक आत्या आहेत, पासष्टी ओलांडलेल्या, गुडघ्याला पट्टा, दुपारी दोन ते चार झोप म्हणजे झोप. उभ्या आयुष्यात नणंदेच्या घरी मुक्काम करायचा तर स्वतःची उशी घेऊन गेल्या. त्या आत्या आता आठ खाटांच्या मिश्र डॉर्मची परीक्षणं वाचताहेत! खाटेला पडदा आहे का, उशाशी दिवा आहे का, चार्जिंगचा पॉइंट स्वतंत्र आहे का. आठातले सहा परके तरुण असतील, कुठले कुठले, अर्ध्या चड्डीतले, याची भीती वाटत नाही का आत्या? तर म्हणाल्या, 'भीती त्यांना वाटायला हवी, मी घोरते.' त्यांनी आपली अख्खी भिशी बाटवली. बारा बायकांची भिशी, आजवर तिच्यातून सोन्याची वळी आणि मिक्सर निघत. आता डोंग निघतात.

हे डोंग! या चलनानेच खरं तर सगळ्यांची मती फिरवली. एका रुपयाला साधारण तीनशे डोंग. हजार रुपये दिले की तीन लाख. आयुष्यभर पी.एफ.च्या आकड्याकडे बघून सुस्कारे टाकणारा माणूस तेहतीस-चौतीस हजार रुपयांत चक्क कोट्यधीश! त्या गुर्मीत तो विमानतळावरून बाहेर पडतो आणि रस्त्याकडेच्या बान मी सँडविचचे तीस हजार मागितले की लगेच कोपरापासून हात जोडून घासाघीस करतो. तीस हजार म्हणजे किती? शंभर रुपये. त्यातले पाच हजार कमी करून आणले, म्हणजे सोळा-सतरा रुपये, तर तो किस्सा वर्षभर पुरतो. वर एक फसगत ठेवलेलीच आहे. वीस हजाराची नोट निळी आणि पाच लाखांचीही निळीच. पहिलीची किंमत साठ-सत्तर रुपये, दुसरीची सोळाशेच्या वर. संध्याकाळच्या मिणमिणत्या उजेडात चहापाण्याला वीस हजार म्हणून पाच लाख देऊन आलेले दानशूर आपल्यातही आहेत, पण ते तोंड उघडत नाहीत.

आणि या काटकसरीच्या शीटमध्ये सगळ्यात खाली, लपवलेल्या ओळीत काय असतं माहितेय? सोन दुंग! जगातली सगळ्यात मोठी गुहा. हो खान्ह नावाच्या तिथल्याच एका माणसाला १९९०च्या सुमारास ती जंगलात दिसली, मग वाट हरवली, पुढे त्याने ती पुन्हा शोधून काढली आणि २००९ साली ब्रिटिश गुहाशोधकांना नेऊन दाखवली. आत चाळीस मजली इमारत उभी राहील म्हणतात. वर्षाला हजारभर माणसांनाच आत सोडतात आणि माणशी तीन हजार डॉलर घेतात. आठ खाटांच्या डॉर्ममध्ये पन्नास रुपये वाचवायचे आणि गुहेला अडीच लाख! विचारलं तर उत्तर तयार, 'आत्ता नाही गं, नुसतं लिहून ठेवलंय.' हौसेला मोल नाही हे ठीक, पण हौसेला लाजही नसावी?

खाण्याबद्दल तर बोलूच नका. म्हणजे बोलूच या. माशाच्या सॉसशिवाय तिथे पान हलत नाही, आणि आपल्याकडचे निम्मे बॅकपॅकर चतुर्थीवाले. तरी कुणी मागे हटतंय का? 'चाय' अशी पाटी असलेली शाकाहारी खानावळ शहराशहरात आहे, हे आता इथल्या शाळकरी पोरालाही पाठ झालंय. हनोईत बुन चा खात ओबामा आणि शेफ अँथनी बोर्डेन २०१६ साली ज्या टेबलाशी बसले, ते टेबल आता काचेच्या पेटीत ठेवलंय. डुकराचं मटण असलेलं ते जेवण आपला जन्माचा शाकाहारी काही खाणार नाही, पण काचेसमोर उभं राहून फोटो काढायचा वेळ त्याने राखून ठेवलाय. पावणेसात ते सात.

कॉफीने तर घरात शिरकावच केला. कपावर ठेवायचा तो छोटा धातूचा फिन, थेंब थेंब पडणारी कडू कॉफी, तळाला कंडेन्स्ड मिल्क. चहावर वाढलेल्या घरात आता सकाळी चारही जण त्या थेंबांकडे टक लावून बसलेले, कुणी कुणाशी बोलत नाही. १९४६ साली हनोईत दुधाची टंचाई होती म्हणून मेट्रोपोल हॉटेलातल्या न्युएन वान जांग यांनी कॉफीवर अंड्याचा बलक फेटून घातला, आणि एग कॉफी जन्माला आली. हा इतिहास आपल्या एका मामांनी सोवळ्यातल्या आजीच्या ओट्यावर, आजीच्याच पितळी पेल्यात, प्रात्यक्षिकासह सांगितला. त्यानंतर पेला कुठे गेला, मामा कुठे गेले, विचारू नका.

घरच्यांची परवानगी कशी काढायची, याचं शास्त्र तर आता पूर्ण विकसित झालंय. आजोबांसाठी तो जुना फॉरवर्ड मेसेज: व्हिएतनामने अमेरिकेला हरवलं ते म्हणे शिवाजी महाराजांचा अभ्यास करून. वर्षानुवर्षं फिरतोय. पुरावा आजवर एकाने दिलेला नाही, आणि महाराजांच्या थोरवीला हनोईचा शिक्का लागतो कशाला? पण नातवाला कू चीच्या अडीचशे किलोमीटरच्या भुयारांसाठी वरखर्च हवा असतो, तेव्हा तो हाच मेसेज आजोबांना मोठ्या अक्षरांत करून दाखवतो. आजोबा गहिवरतात, पाकीट काढतात.

सासूबाईंसाठी मी सन. होई आनपासून तासाभरावर, चंपाच्या राजांनी चौथ्या शतकापासून बांधत आणलेली विटांची शिवमंदिरं. भद्रेश्वर नावाचा शंकर तिथला कुलदेव. अमेरिकी बॉम्बहल्ल्यात १९६९ साली बरीच पडझड झाली, आणि आपल्या पुरातत्त्व खात्याची माणसं तिथे डागडुजी करताना २०२० साली त्यांना वालुकाश्माचं अखंड शिवलिंग सापडलं. हे एवढं सासूबाईंना सांगितलं की काम झालं. 'शंकराचं देऊळ आहे ना? मग जा बाई. माझ्या नावाने बेल वाहून ये.' सुनेने देऊळ सकाळच्या दोन तासांत बसवलंय आणि उरलेल्या दहा दिवसांत समुद्रकिनारा. पण आता सासूबाईच म्हणताहेत, बेल मीच घेऊन येते. त्यांचीही सॅक ठरली, जांभळी.

आणि तुम्ही? नाही नाही, मान नका हलवू. हे सगळं तुम्ही इतक्या चवीने वाचत आलात ते काय उगाच? तुमच्या फोनमध्ये बंद न केलेली ती खिडकी कसली आहे? ई-व्हिसाच्या अर्जावर पंचवीस डॉलर भरायच्या पानापर्यंत कोण गेलं होतं, रात्री पावणेबाराला, घरचे झोपल्यावर? आणि तिथे अडलं कुठे तेही आपल्याला माहितेय. वडिलांचं नाव मधल्या नावात टाकायचं की पहिल्या नावाला जोडून, यावर! सगळा महाराष्ट्र तिथेच अडलाय हो. पासपोर्टवर आहे तसंच्या तसं टाका, एक अक्षर इकडचं तिकडे नको, आणि फोटोत चष्मा नको. नव्वद दिवसांचा मिळतो, तुम्हाला अकराच हवेत, पण भाव तोच.

तारखा काय धरल्यात? मार्च? आम्हीही मार्चच बघतोय, म्हणजे नुसतं बघतोय. चतुर्दशी काकूंना विचारून घेऊ. लूपला चौघं झालो तर रायडर जरा स्वस्तात मिळतात म्हणे, दशम्या आमच्याकडून. फक्त एवढं आधीच सांगून टाका, वरून खाली ना? कारण तुम्ही सायगॉनवाले निघालात, तर आपलं जमणं कठीण आहे.